रिकामी सुटणारी नाव

आईचे माहेर गंगेच्या पलीकडे होते. गंगा म्हणजे गोदावरी. आमच्या तलवाड्याकडे तिला गोदावरी म्हणणारा माणूस एक तर शाळामास्तर असायचा, नाही तर पाटबंधारे खात्यातला. तलवाडा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले, त्वरितादेवीचे गाव. तिथून उत्तरेकडे काही कोस चालले की नदीचा काठ लागायचा. पलीकडे अंबड तालुका. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, म्हणून आईचे माहेर अलीकडच्या काठावरून नुसत्या डोळ्यांना दिसे आणि पत्ता मात्र औरंगाबाद जिल्ह्याचा लिहावा लागे.

१९६९ च्या भाद्रपदात आजोबांचा निरोप आला. आणणाऱ्याने 'जरा जास्त आहे' एवढेच सांगितले. त्याचा अर्थ काय ते आईला कळले. मला बरोबर घेऊन ती तशीच निघाली. मी आठ वर्षांचा. आम्ही काठावर पोचलो तेव्हा सूर्य कासराभर वर आला होता, नाव अलीकडेच होती आणि नावाडी लिंबाखाली बसून तंबाखू मळत होता. आई म्हणाली, ''चला दादा, निकड आहे.'' तो शांतपणे म्हणाला, ''येऊ द्या अजून पाच-सहा माणसं, माय. खेप भरली की सोडतो.''

खेप भरायला किती वेळ लागला ते आज नेमके सांगता येणार नाही. माझ्या आठवणीत तो अख्खा दिवस आहे. आई म्हणते, दोन-अडीच तास. मध्ये एक बाजारकरू आला, मग शेळ्या घेऊन दोघे आले. आम्ही पलीकडे उतरून चिखल तुडवत वर चढलो, तेव्हा मामा आणि गावकरी नदीवरूनच परत येत होते. मामांचे धोतर ओले होते. आईने काही विचारले नाही.

पुढे मी मोठा झाल्यावर त्या नावाड्याला नावे ठेवू लागलो की आई मला थांबवायची. ''त्याचं काय चुकलं? दोघांसाठी नाव घातली असती तर त्यानं खाल्लं काय असतं?'' काठावरच्या गावांकडून त्याला सुगीला धान्य मिळायचे. पायली-दोन पायली ज्वारी दिली की त्या घराला वर्षभर नदी मोकळी. आज ज्याला आपण पास म्हणतो तो हाच. फक्त खिशात न ठेवता कणगीत ठेवायचा. आम्ही लांबच्या गावचे, म्हणून रोख. आणि रोखीच्या गिऱ्हाइकासाठी खेप भरावी लागे.

त्याच तलवाड्यात एसटी यायची. ती धुरळा उडवत यायची, कधी दोन तास उशिराही यायची, पण कंडक्टरने घंटी मारली की आत तीन माणसे असोत की तेहतीस, ती निघायची. खेप भरली नाही म्हणून एसटी पारावर थांबली, असे मी पाहिलेले नाही. १ जून १९४८ ला नगर-पुणे रस्त्यावर पहिली एसटी धावली. त्यानंतर रस्त्यावरच्या माणसाला हळूहळू एक हक्क मिळाला. कोणी सोबत असो नसो, गाडी आपल्यासाठी निघेल, हा तो हक्क. पाण्याच्या काठावरच्या माणसाला तो मिळाला का, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे छळतो. शहरांतून 'नदीबस', 'जलवाहतूक', 'वॉटर टॅक्सी', 'वॉटर मेट्रो' असे शब्द ऐकू आले की मी बोटीचा रंग आणि वेग विचारत नाही. ती रिकामी सुटते का, एवढेच विचारतो.

नदी ओलांडायला लागणारा वेळ ही साधी गोष्ट नव्हे, हे आमच्या तालुक्याला अडीचशे वर्षांपूर्वीच कळले आहे. १० ऑगस्ट १७६३ ला आमच्याच गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला मराठ्यांनी निजामाचा मोड केला. गंगेला पाणी होते. निजामअली काही फौजेसह उत्तर तीरावर उतरून गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर अडकला होता. माधवराव आणि राघोबादादा नेमके तेव्हा येऊन कोसळले. विठ्ठल सुंदर तिथे पडला, आणि धन्याला मधल्या पाण्यामुळे काही करता आले नाही. इतिहासाच्या पुस्तकात याचे श्रेय पेशव्यांच्या चालीला देतात. आमच्याकडचे म्हातारे त्यातले थोडे गंगेला देत.

नोकरीसाठी मी मुंबईला गेलो आणि पहिल्या महिन्यातच भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. लक्ष्मण हरिचंद्रजी अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा धक्का. तिथून उरणजवळच्या मोऱ्याला आणि अलिबागेकडच्या रेवसला लाँच जायच्या. टोपल्या, सायकली, कोळणींचा आवाज, डिझेलचा वास, आणि फळीवरून आत जाताना हात धरायला कोणीतरी. गंगेकाठच्या माणसाला ते दृश्य परके वाटले नाही. वेळा ठरलेल्या होत्या हे बघून तर मी हरखलोच. नंतर कळले की वेळापत्रकाच्या वर आणखी एक वेळापत्रक असते आणि ते चंद्र ठरवतो. मोऱ्याच्या बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, आणि मग फेऱ्या बंद. पावसाळ्यात वाऱ्याचा बावटा लागला की पुन्हा बंद. गेट वेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी तर पावसाळाभर बांधूनच ठेवतात.

या सावधगिरीच्या मागे एक आठवण आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट सकाळी मुंबईबाहेर पडली आणि काश्याच्या खडकाजवळ वादळी पावसात उलटली. सहाशेवर माणसे गेली. सणासाठी घरी निघालेली, चाकरमानी, गिरणीतली माणसे. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. बोट बुडाली हे मुंबईला कळायलाच कित्येक तास गेले. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत अजून या बोटीचे नाव निघाले की माणसे गप्प होतात. मला ते नाव ऐकताना आणखी एका कारणाने चमत्कारिक वाटते. समर्थ रामदासांचे जांब आमच्या गंगेच्या पलीकडच्या काठाला, आईच्या माहेराच्या बाजूला आहे.

मुंबईला तिन्ही बाजूंनी पाणी. पोटात मिठी, पाठीशी ठाण्याची आणि वसईची खाडी. नकाशा पाहिला की वाटते, इथे रस्त्यावर इतकी माणसे का लोंबकळतात? वर्सोव्याहून मढला समोरासमोर होडीने पाच मिनिटे लागतात; रस्त्याने जायचे तर मालाडला वळसा घालून तास मोडतो. ती होडी आजही चालते आणि रोज माणसांची ने-आण करते. तिच्या उद्घाटनाला कोणी मंत्री आल्याचे ऐकिवात नाही. ज्यांच्या उद्घाटनाला मंत्री आले त्या मात्र टिकल्या नाहीत. नव्वदच्या दशकात नवी मुंबईसाठी हॉवरक्राफ्ट आल्या. पाण्यावरून आणि चिखलावरून सारख्याच पळणाऱ्या त्या बोटींचे छायाचित्र आम्ही सगळ्यांनी कौतुकाने पाहिले. भाडे सामान्य कारकुनाच्या आवाक्याबाहेर होते. दशक संपता संपता त्या दिसेनाशा झाल्या. मग १७ फेब्रुवारी २०२२ ला बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली. कॅटामरानचे एका वेळचे भाडे २९० रुपये, स्पीडबोटीचे त्याच्या कित्येक पट. त्याच बेलापूरहून लोकलचा महिन्याचा दुसऱ्या वर्गाचा पास जवळपास तेवढ्याच पैशांत निघतो. माणसे कुठे गेली असतील हे सांगायला तज्ज्ञ नको.

शिवाय बोट धक्क्यावर सोडते, कचेरीत नाही. बेलापूरच्या धक्क्यापर्यंत रिक्षा, मुंबईच्या धक्क्यापासून टॅक्सी, मध्ये तिकिटाची वेगळी खिडकी. एवढे करून वाचलेली वीस मिनिटे दोन्ही काठांवर सांडून जातात. रस्त्याची बस शहराच्या अंगात मुरलेली असते. पाण्याची बस आपल्याकडे कायम पाहुणी राहिली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी उरणपर्यंतची रेल्वेही. उरणकरांची सोय झाली हे चांगलेच. मोऱ्याच्या लाँचवर त्यानंतर कोण उरले असेल, याचा विचार मनात आला, इतकेच.

जगात सगळीकडे असेच आहे असे मात्र नाही. इस्तंबूलमध्ये बॉस्फरसवर प्रवासी बोटी चालवणारी कंपनी १८५१ मध्ये निघाली. आजही तिथे माणसे बोटीत चहा पीत कामाला जातात. व्हेनिसमध्ये १८८१ पासून वाफेची बोट हीच गावची बस. पण एवढ्या लांब कशाला जायचे? आपले गोवे जवळ आहे.

मी पहिल्यांदा रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने गेलो तेव्हा तिकिटासाठी खिशात हात घातला आणि शेजारचा स्कूटरवाला हसला. पायी माणसाला आणि दुचाकीला तिथे पैसे पडत नाहीत. बोट म्हणजे एक सपाट लोखंडी ताट. पुढची फळी रस्त्यावर टेकते, स्कूटरी, शाळेची पोरे, माशांच्या पाट्या, एखादी मोटार आत शिरते, फळी उचलते, दहा मिनिटांत पलीकडे. कोणी 'आला नदीप्रवासाला' अशा चेहऱ्याने उभे नव्हते. एक बाई भाजी निवडत होती. हे सगळे गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याचे, आणि चालवणारे सरकारी पगारी. खात्याला तोटा होतो, बोटी जुन्या आहेत, गणपतीत गाड्यांची रांग लागते, चोडणकर तक्रार करतात. तरीही २०२३ मध्ये दुचाकींना भाडे लावायची गोष्ट निघाली तेव्हा एवढा विरोध झाला की सरकारला ती बाजूला ठेवावी लागली. माणूस ज्या गोष्टीसाठी भांडतो ती त्याने आपली मानलेली असते.

गोव्याला या बोटींची खरी किंमत कळली ती १९८६ मध्ये. पणजीला म्हापशाशी जोडणारा मांडवीवरचा नेहरू पूल, बांधून पुरती वीस वर्षे झाली नव्हती, तो ५ जुलै १९८६ ला कोसळला. ऐन पावसाळा. राजधानी एका काठावर आणि बारदेस दुसऱ्या. तेव्हा पणजी-बेतीमच्या मध्ये पुन्हा फेरीबोटी लागल्या आणि १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत बराचसा भार त्यांनीच उचलला. पूल झाला म्हणून सगळ्या बोटी आणि खलाशी आधीच मोडीत काढले असते तर त्या सकाळी काय झाले असते? आपल्याकडे पूल झाला की दुसऱ्या दिवशी नाव चुलीत जाते.

हे लिहिताना मला आमच्या बाजूची दोन वर्तमानपत्री कात्रणे समोर दिसतात. २०२३ मधले पहिले. जायकवाडीच्या फुगवट्याने वेढलेल्या, गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, हाताने पाणी मारत शाळेत जात होती. पाण्यातले साप हाकलायला काठी बरोबर. बातमी वाचून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दुसरे कात्रण उजनीचे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. ती माणसे सहलीला निघाली नव्हती. धरणाने मधला रस्ता गिळला, नातीगोती आणि बाजार दोन्ही काठांवर राहिले, आणि जाण्यासाठी उरली ती कोणाची तरी नाव. अशा नावेला वेळापत्रक नसते, मोजणारा नसतो, वारा सुटेल हे सांगणारा नसतो.

मोजणारा असला तरी भागत नाही म्हणा. १८ डिसेंबर २०२४ ला गेट वेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. त्या प्रवासी बोटीचा परवाना ८४ उतारूंचा होता. वर शंभराहून जास्त माणसे होती हे नंतर उघड झाले. धडकेत तिचा दोष नव्हता. पण ती जास्तीची माणसे आत सोडताना कोणाच्या तरी मनात खेप भरण्याचाच हिशेब असणार.

म्हणून मला कोचीचे दार आवडले. दार म्हणजे धक्क्यावरचे फिरते फाटक. मुलगी नोकरीनिमित्त तिकडे आहे, म्हणून २०२४ च्या जानेवारीत आम्ही गेलो, आणि हट्टाने आईलाही नेले. ती तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. कोचीची वॉटर मेट्रो २५ एप्रिल २०२३ ला सुरू झाली. शहराभोवतीच्या दहा बेटांना जोडणारी ३८ स्थानके आणि ७८ बोटी अशी ती योजना, खर्च अकराशे कोटींच्या वर. पहिल्या दोन वर्षांत त्यातली थोडीच स्थानके चालू झाली, बोटीही ठरल्या वेळेला आल्या नाहीत, हे सांगितले पाहिजे. तिथल्या लोकांची तक्रारही तीच आहे. पण जे झाले आहे ते नीट झाले आहे. बोट विजेवर चालते, घाटावर दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी भरून घेते. धक्का तरंगता आहे. भरती असो की ओहोटी, तो बोटीबरोबर खालीवर होतो, त्यामुळे बोटीचा तळ आणि धक्का एका पातळीत राहतात. मोऱ्याच्या फळीवर हात धरून चढलेल्या मला ही गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी वाटली. चाकाच्या खुर्चीतला माणूस कोणाची मदत न मागता आत जातो. मेट्रो रेल्वेचे कार्ड बोटीलाही चालते. बोटीत शंभर माणसे मावतात, पन्नास बसून, पन्नास उभी. शंभर मोजून झाली की ते फाटक एकशे एकाव्याला आत घेत नाही. तो कितीही मोठा असो, कितीही घाईत असो.

केरळात हे अचानक उगवलेले नाही. तिथे १९६८ पासून सरकारचे स्वतंत्र जलवाहतूक खाते आहे, म्हणजे पाण्यावरची एसटीच. २०१७ च्या जानेवारीत त्याच खात्याने वैकमला 'आदित्य' ही उन्हावर चालणारी ७५ माणसांची बोट घातली. पन्नास वर्षे साध्या लाकडी बोटी वेळेवर सोडल्या, तेव्हा लोकांना पाण्यावर भरवसा ठेवायची सवय लागली. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये मुंबईच्या वॉटर मेट्रोचा अभ्यास कोचीच्याच कंपनीकडे सोपवला. चांगले आहे. त्यांनी बोटीचा नकाशा द्यावाच, त्या पन्नास वर्षांचे काय करायचे तेही विचारून घ्यावे.

आमच्या तलवाड्याकडे नदीबस येईल असे माझे म्हणणे नाही. २०१६ च्या कायद्यात देशभरच्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय म्हणून घोषित केले. त्यात आमच्याच बीड जिल्ह्यात उगम पावणाऱ्या मांजरेचे नाव पाहून मी मनापासून हसलो. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून बैलगाडी जाते. गोदावरीचेही तेच. १९७६ मध्ये जायकवाडी झाल्यापासून ती खाली आमच्याकडे एक तर वाळू असते, नाही तर नाथसागराचे दरवाजे उघडले की एकदम समुद्र. २०२५ च्या सप्टेंबरात असाच समुद्र आला आणि गोदाकाठच्या गावांना घरे सोडावी लागली. तेव्हा बाहेरून बोटी आणाव्या लागल्या. पूर्वी काठावर चार नावा आणि नदी ओळखणारे चार भोई तरी असत. आता पूल आहेत, ते हवेतच. पण पुलावरून पाणी जाते त्या दिवशी काठावर कोणी नसते.

तर आई. व्हिट्टिलाच्या स्थानकावर आम्ही तिला व्हीलचेअरवरून आत नेले. पुढचा घाट काक्कनाड, भाडे तीस रुपये. दुपारची वेळ. गार हवा, काचेबाहेर जलपर्णी, आणि एवढ्या मोठ्या बोटीत आम्ही चौघे धरून नऊ माणसे. आई रिकाम्या बाकांकडे पाहत होती. तिने पदर नीट केला आणि लांब थांबायचे आहे अशा बेताने पाय आखडून बसली. मुलीने विचारले, ''आजी, काय झालं?''

''काही नाही. माणसं यायचीत अजून.''

तेवढ्यात दार सरकले आणि बोट हलली. आवाज नाही, धूर नाही. धक्का मागे गेला तेव्हाच कळले. आईने मागे वळून पाहिले, मग माझ्याकडे.

''खेप भरली नाही की रे.''

''वेळ झाली, आई. वेळेला सुटते ती.''

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग पुढे काचेच्या खोलीत चाक धरून उभ्या असलेल्या पोराकडे बोट करून म्हणाली, ''ह्याला महिन्याचा पगार असंल.''

''आहे.''

''मग बरोबर आहे,'' ती म्हणाली, आणि पिशवीतून सुपारी काढू लागली.